काखकोबी

“आई, खालचे गड्डे कुठायत?” सुनेने विचारलं, आणि मी शेळीकडे बोट दाखवलं.

शेळी चिंचेखाली बसून रवंथ करत होती. पंधरा दिवसांत तिच्या अंगावर चकाकी आली होती. मी त्याचंच कौतुक सांगणार होते, पण सुनेचा चेहरा बघितला आणि उघडलेलं तोंड मिटलं. तिच्या हातात अजून माहेरची पिशवी होती. पिशवीसकट ती बांधावर बसली.

“तेच तर पीक होतं, आई.”

“कसलं पीक? बगलेत फुटलेले कोंब होते ते.”

“तेच खायचे असतात.”

“मग डोकं?”

“त्याला डोकं नसतंच.”

मी सत्तरी ओलांडलेली बाई. कळायला लागल्यापासून माती उकरते. डोकं नसलेला कोबी असतो हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. मी रोज सकाळी चूळ भरली की पट्टीत जाऊन ते कोंब खुडत होते. वांग्याला काय, टोमॅटोला काय, कोबीला काय, बगलेत फुटलं की खुडायचं, नाहीतर झाडाचा जीव वाटला जातो आणि मधलं डोकं भरत नाही. हे मला माझ्या सासूने शिकवलं होतं. खुडलेले कोंब मी ओटीत भरायचे आणि शेळीपुढे टाकायचे. एवढे गोल, घट्ट, हिरवे कोंब मी आयुष्यात पाहिले नव्हते. शेळीनेही पाहिले नव्हते.

“झालं,” सून म्हणाली. “आता शेड.”

शेडचं सांगते. आमच्या घरामागे विहिरीला लागून तीन गुंठ्यांची पट्टी आहे. भाताची नाही, भाजीची. लग्न होऊन मी कासूजवळच्या या गावात आले तेव्हापासून त्या पट्टीत वाल, मुळा, माठ, जे काढलं ते मीच. मग गुडघे गेले आणि दोन वर्षं तिथे गवत माजलं. माझा मुलगा टेम्पो चालवतो. तो म्हणाला, तिथे मुरूम टाकून टेम्पोला शेड बांधू, पावसात पत्रा सडतो. त्याचं काही चूक नव्हतं. पण सून म्हणाली, मला एक हंगाम द्या. त्यावर तो म्हणाला, “घराला पुरंल एवढं खायला काढून दाखव. नायतर पावसाच्या आधी मुरूम पडंल.”

सून नागोठण्याला कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला जाते. तिथे एकदा बाहेरच्या पाहुण्यांसाठी हा बारका कोबी केला होता. तिने एक खाऊन पाहिला आणि तो तिच्या डोक्यात बसला. पेणच्या नर्सरीत रोपं मिळाली तशी तिने बेचाळीस आणली. चौदा-चौदाच्या तीन ओळी लावल्या. मी म्हटलं होतं, वाल लाव. म्हणाली, वाल सगळेच लावतात.

रोपांबरोबर एक कार्ड होतं, इंग्रजीतलं. माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी मला वाचता येत नाही, चित्र येतं. चित्रात टोपलीभर गोल कोबी होते. झाड नव्हतं. टोपलीतला कोबी बारका आहे की मोठा हे टोपलीवरून कसं कळणार? मला वाटलं, टोपली मोठी असेल.

पुढे सुनेच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन रोह्याला ठरलं. माहेर निडीला, घरी दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून ती पंधरा दिवस गेली. जाताना म्हणाली, “आई, तेवढं पाणी घाला.” पाणी घाला म्हणाली होती. बाकीचं मी माझ्या अकलेने केलं.

मागची ओळ तेवढी वाचली होती, कारण ती कुंपणाला चिकटून आहे आणि तिथपर्यंत माझी कंबर वाकत नाही. मधल्या ओळीत खालून हात फिरला होता, वर थोडे कोंब राहिले होते. पुढची ओळ मी खराट्यासारखी साफ केली होती.

सून रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, पिशवी घरात ठेवली आणि चुलीपाशी तांदूळ निवडत बसली. तांदळात एक खडा नव्हता.

मुलगा दुपारी जेवायला आला. मी त्याला पहिल्या घासालाच सांगून टाकलं. लपवून ठेवलेली गोष्ट माझ्या पोटात दुखते. तो एवढा हसला की भात नाकात गेला.

“आये, तुला काय शेळीने शिकवून ठेवलवता काय?”

“हस. हसून झालं की सांग.”

“काय सांगू? मी काय केलं नाय. तुमीच हरलाव. मुरूमवाल्याला सांगतो.”

सून वाढत होती. तिचा हात थांबला नाही, पण डाळ ताटाबाहेर पडली.

“थांब,” मी म्हटलं. “तू काय बोल्ला होतास? घराला पुरंल एवढं खायला. गड्डेच पायजेत असं बोल्ला होतास काय?”

“मंग काय पाला खाऊ?”

“व्हय. आठ दिवस. बाजारातनं भाजीचं एक पान आणायचं नाय. पट्टीत उभं हाय तेच खायचं. पोट भरलं तर जागा आमची.”

त्याने बोटं चाटली आणि विचार केला. माझाच मुलगा, सरळ हो म्हणणार नाही. “आन् एकच भाजी दोनदा वाढलीव तर?”

“तर तुझी शेड.”

“मासली?”

“डब्यात सुकट हाय, ती चालंल.”

सुनेने मागून माझ्या पाठीला कोपर मारलं. तो बाहेर गेल्यावर म्हणाली, “आई, आठ दिवस? एका झाडाच्या आठ भाज्या?”

“तू लावलंस. तू सांग काय काय खातात त्याचं.”

“मला गड्डेच माहीत.”

“मला तेवढंही माहीत नव्हतं,” मी म्हटलं. त्यावर ती पहिल्यांदा हसली.

तिने नर्सरीवाल्याला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने लावला. तो म्हणाला, शेंडे छाटा, खालची पानं काढा, मग जोर बगलेत जाईल आणि वरचे कोंब तरी भरतील. म्हणजे ज्या शेंड्यासाठी मी पंधरा दिवस कोंब मारले, तो शेंडा आता कोंबांसाठी मारायचा. मी कोयता घेतला आणि मागच्या दोन ओळींचे शेंडे उडवले. हात अडखळला, खोटं नाही सांगत. पण सून मोजत उभी होती. माझ्यावर तिचा विश्वास उरला नव्हता आणि ते बरोबरच होतं.

पहिल्या दिवशी पानांची भाजी केली. कोबीसारखी चिरली, कांदा, मिरची, वर खोबरं. पान जाड, शीर त्याहून जाड. मुलगा चावत राहिला. भात संपला, आमटी संपली, तो चावतच होता.

“शेली बरोबर कोंबच खात होती,” तो म्हणाला. “तिला अक्कल हाय.”

पण ताट रिकामं केलं. पोट भरलं की नाही विचारलं तर मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी शहाणी झाले. मधली शीर आधी काढली, पानं वाफेवर मऊ केली, वर लाटणं फिरवलं आणि अळूवडीसारखं बेसन, चिंच, गूळ लावून वळकट्या केल्या. उकडून तळल्या. अळूला खाज असते, आमसूल घाला, चिंच घाला, तरी कधी घसा धरतो. याला खाज नाही. मुलाने पाच खाल्ल्या आणि सहावी उचलताना माझ्याकडे बघितलं, म्हणून मी छपराकडे बघितलं.

काढलेल्या शिरा आणि देठ मी फेकले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांचे दोरे सोलून बारीक तुकडे केले आणि सुकटीबरोबर टाकले. ठेचलेली लसूण, दोन आमसुलं. सुकट कशालाही माणसात आणते. त्या दिवशी तो काही बोलला नाही, म्हणजे आवडलं.

चौथ्या दिवशीचं मला आधीपासून ठाऊक होतं. छाटलेले शेंडे मी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवले होते. शेंडा म्हणजे झाडाचा सगळ्यात कोवळा भाग. माळ्यावर मागच्या वर्षीचे कडवे वाल होते, शेजारणीकडून आलेले. ते भिजवून, मोड आणून, सोलून ठेवले होते. वालाच्या बिरड्यात ते शेंडे हाताने मोडून घातले. याच्यावर मी जास्त लिहीत नाही. ज्याने पेण-रोह्याकडचा वाल खाल्लाय त्याला कळेल, आणि ज्याने नाही खाल्ला त्याला लिहून काय उपयोग. सून पातेलं पुसून खात होती. म्हणाली, “आई, पुढच्या वर्षी अर्ध्यात वाल लावू.” मी बरं म्हटलं. जिंकल्यावर जास्त बोलू नये.

पाचव्या दिवशी आम्ही अडकलो. पानं होती, पण पानांच्या दोन भाज्या होऊन गेल्या होत्या. मागच्या ओळीचे कोंब सुपारीएवढे झाले होते. ते सून काढू देईना. म्हणाली, भरू देत, ते शेवटी. आम्ही दोघी पट्टीत कमरेवर हात ठेवून उभ्या होतो, तेवढ्यात वाडीवरची बाई आली. ती माझ्याच वयाची. डोंगरालगत तिची आदिवासी वाडी आहे. लावणी-कापणीला आम्ही दोघी जन्मभर एका बांधावर राबलो. रानातलं काय खायचं आणि काय खाल्लं की मरायचं, हे तिला विचारावं.

“काय गो, कोणी मेलाय काय?” तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. शेळीचंही. ती हसून खाली बसली. मग विचारलं, “नाव काय या झाडाचं?”

सुनेने नाव सांगितलं. ते लांबलचक इंग्रजी नाव तिला तीनदा म्हणावं लागलं. वाडीवरची माझ्याकडे बघत राहिली.

“काखकोबी,” मी म्हटलं. “काखेत येतो.”

नाव तिथेच पडलं. मुलगा पुढे म्हणायचा, आये, जेवताना तो शब्द नको. पण दुसरा शब्द त्यालाही सापडला नाही.

वाडीवरची उठली, पुढच्या ओळीतल्या, मी बोडक्या केलेल्या एका झाडाचा बुंधा दोन्ही हातांनी दाबून बघितला. “हा काय कामाचा नाय आता?”

“नाय.”

तिने झाड मुळासकट उपटलं, कोयत्याने बुंध्याची साल काढली. साल लाकडासारखी. आत पांढराशुभ्र गर, नवलकोलासारखा. तिने एक काप मला दिला, एक सुनेला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. करकरीत, किंचित गोड, मागून मोहरीसारखा झणका.

“हा टाकणार होताव?” ती म्हणाली. “मंग शेली कोण?”

पुढची सगळी ओळ उपटली. चौदा झाडं. बुंध्याच्या गराचे चौकोनी तुकडे करून खोबऱ्याच्या वाटणात आमटी केली. मुलाला वाटलं नवलकोल बाजारातून आणलाय. त्याने मला रंगेहाथ पकडल्यासारखं तोंड केलं. मी त्याला मागच्या दारी नेलं आणि सालींचा ढीग दाखवला. तो परत येऊन बसला आणि आणखी भात मागितला.

साली आणि मुळं मी उन्हात पसरली. सून म्हणाली, “याचं काय करणार?” मी म्हटलं, वाळेल तेव्हा बघू.

सहाव्या दिवशी तांदळाच्या पिठात पानं अगदी बारीक चिरून, मिरची घालून तव्यावर थापलं. मुलाने हरकत घेतली.

“ही भाकर हाय. भाजी कुठाय?”

“भाकरीत हाय.”

“हे चालणार नाय.”

“काढून वेगली वाढू काय? बस, येक येक पान उचकटून देते.”

त्याने चार खाल्ल्या. सोबत गराचं मोहरीचं लोणचं होतं, ते त्याने बोटाने संपवलं. लोणचं भाजीत धरायचं नाही हे त्यानेच ठरवलं होतं, म्हणून मी गप्प बसले. नाहीतर माझे सात दिवस झाले असते.

सातव्या दिवशी आम्ही हरतच होतो. सुनेची रजा संपली होती. कामावर जाण्याआधी तिने पानं शिजत ठेवली आणि मला सांगून गेली. मी शेळीला पाणी पाजायला गेले आणि तिथेच बसले. पानं नको तेवढी शिजली. कोबी जास्त शिजला की कसा वास सुटतो ते सगळ्यांना माहीत आहे. काखकोबीचा त्याच्या दुप्पट. शेजारीण दारात येऊन विचारून गेली, तुमच्याकडे गॅस गळतोय काय.

टाकून देता येत नव्हतं. कोवळी पानं संपली होती. मी ते पाण्यासकट घोटलं, आमसुलं घातली, गूळ घातला आणि अख्ख्या लसणीच्या गड्ड्याची फोडणी ओतली. लसूण लाल केली, जवळजवळ काळी. मुलगा आला तो उंबऱ्यावर थांबला.

“आये, काय मेलाय?”

“सार हाय. बस.”

“मी नाय.”

“नको खाऊस. पण मग सांग, भूक लागलीय आणि खाल्लं नाय. मी हरले असं सांगू नकोस.”

त्याने सकाळपासून खडीच्या दोन फेऱ्या मारल्या होत्या. बसला. नाक दाबून पहिली वाटी प्यायला. दुसरी नाक न दाबता प्यायला. तिसरी मागितली नाही, पण ताट उचललं तेव्हा म्हणाला, “लसूण बरी होती.” संध्याकाळी सुनेला मी वासाचं काही सांगितलं नाही. तिने घरात पाय टाकताच तिला कळलं.

आठवा दिवस रविवार होता. आता मागच्या ओळीचे गड्डे काढायचे. सून एकेक वळवून मोडत होती. मला हात लावू दिला नाही. मी टोपली धरून उभी राहिले. ते लहानच होते. आमच्याकडची थंडी ती काय, त्यांना मोठं व्हायला तेवढी पुरत नाही. काही घट्ट, काही सैल, फुलासारखे उघडलेले. सून म्हणाली, “चित्रातल्यासारखे नाहीत.”

“चित्रात आपण तरी कुठे होतो,” मी म्हटलं. “पोपटी लावू.”

थंडीत आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा भरतात, खाली-वर भांबुर्ड्याचा पाला कोंबतात, मडकं उपडं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही. पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं. वाडीवरची भांबुर्डा घेऊन आली, शेजारणीने शेंगा दिल्या. बाजाराचं काही नाही. मीठ-ओवा घरचा. गड्डे मी शेंगांच्या मधोमध भरले.

जाळाला मी त्या वाळलेल्या साली आणि मुळं आणली. तीन दिवसांच्या उन्हात कडकडीत वाळल्या होत्या. पेंढ्याबरोबर छान पेटल्या. सून बघत होती.

“आई, यासाठी ठेवलीत होय?”

“राख पण ठेवणार हाय. भांड्यांना.”

मडकं तापत होतं तेव्हा मुलगा टेम्पो घेऊन आला. हातात पिशवी. पिशवीत मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी. त्याला वास लांबून आला होता आणि पोपटी कोंबडीशिवाय त्याच्या घशाखाली उतरत नाही.

“बाजारातनं कोणी आणलं?” मी विचारलं.

त्याने पिशवी पाठीमागे नेली.

“भाजी नाय ही,” तो म्हणाला.

“नाय ना? मंग खाऊ नकोस. आज भाजी खायची पाली हाय.”

वाडीवरची बाई म्हणाली, “आता लावून काय होणार, पयलं मडकं भाजत आलंय. दुसरं लावा.” म्हणून दुसरं मडकं लावावं लागलं. त्यात कोंबडी, अंडी आणि सुनेने ओंजळभर गड्डे टाकले.

पहिलं मडकं उघडलं, पेपरावर ओतलं. शेंगा, पाला, वाफ. गड्डे बाहेरून थोडे करपले होते, आत लोण्यासारखे. वालाचा कडवटपणा आणि ओव्याचा वास त्यांनी पिऊन घेतला होता. मुलाने एक खाल्ला. मग दुसरा. मग तो शेंगांखाली बोटाने शोधायला लागला. शेंगा बाजूला सारून कोबी शोधणारा आमच्या गावातला तो पहिला माणूस.

“अजून हायत?”

“पंधरा दिवसांचे शेलीने खाल्ले,” मी म्हटलं. “तिला विचार.”

सुनेने तोंडाला पदर लावला. मुलगा पण हसला. हसताना त्याने पट्टीकडे बघितलं. मधली आणि मागची ओळ उभी होती. शेंडे नाहीत, खाली पानं नाहीत, नुसते खांब आणि वर कानाएवढी पानं. दिसायला काही खास नव्हतं. सून दुसऱ्या मडक्याभोवती पेंढा सारत होती आणि तिचा हात एका जागी फार वेळ थांबला होता.

“मुरूमवाल्याला नको म्हणून सांगतो,” तो पेपरातला पाला चिवडत म्हणाला. “पन पुढच्या खेपेला हिला त्या पट्टीत सोडू नकोस.”

हे तो सुनेला म्हणाला, माझ्याबद्दल. शेळीबद्दल असेल असं मी आधी समजत होते.

वरचे गड्डे शिमग्यापर्यंत निघत राहिले. बोरांएवढे, पण निघाले. सुनेने कँटीनच्या आचाऱ्याला डबाभर नेऊन दिले. त्याने विचारलं, हे कशात भाजलंय? तिने सांगितलं, मडक्यात. टेम्पो अजून चिंचेखाली उभा असतो आणि पाखरं त्याच्यावर हगतात. मुलगा ते रोज सकाळी मला ऐकू येईल असं धुतो. या वर्षी पट्टीत अर्धा वाल आहे, अर्धी काखकोबी. मी पाणी घालते आणि हात पाठीमागे बांधून परत येते.

त्या वर्षी बेचाळीसांतली अठ्ठावीस झाडं शेवटपर्यंत राहिली. शेळी राहिली, तिला दोन करडं झाली. पट्टी राहिली. आणि सून व मी, आम्ही दोघी राहिलो.